एका रेणूवर हसल्याबद्दल

३ नोव्हेंबर, सोमवार
संपदाचा फोन नाही. बाविसावा दिवस.
कारण मीच. लेकीने विश्वासाने सांगितलं, बेंगळुरूच्या लॅबमध्ये ती एकेका रेणूतून वीज नेते. मी ते पेपरातल्या माझ्या रविवारच्या विनोदी सदरात टाकलं — ‘सिल्व्हर पार्कात आमच्या जिन्यातला दिवा लागेना, आणि कन्या रेणूला करंट देतेय! रेणू थरथरतो म्हणे. पाच वर्षं थरथर मोजणं चालू!’ वाचक खूश. लेक गप्प.

५ नोव्हेंबर
राई गावची कोळीण रुक्मिणी मासे घेऊन आली.
“पोरगी कवा येते गो?”
“कामात आहे.”
“फोन तरी करते का न्हाय?”
बोंबील शिळे आहेत म्हणून भांडले. ताजे होते.

८ नोव्हेंबर, शनिवार
संपदाने मागे तिच्या प्रबंधाचा सारांश पाठवला होता. तेव्हा ‘छान!’ लिहून मिटवला. आज चौथ्या वाचनात थोडा डोक्यात शिरला.

सोन्याची दोन टोकं, मध्ये एकच रेणू. इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जातो. रेणूतले अणू मात्र स्वस्थ नसतात, सारखे हलतात — प्रत्येक रेणूची हलायची तऱ्हा वेगळी. व्होल्टेज कमी असलं तर इलेक्ट्रॉन बहुधा तसाच निघून जातो, आमच्या मजल्यावरच्या लोकांसारखा. व्होल्टेज ठरावीक आकड्याला पोचलं की इलेक्ट्रॉन जाता जाता थोडी ऊर्जा त्या कंपनाला देऊ शकतो. तिथे आलेखात बारीकशी पायरी दिसते, कधी वर, कधी खाली. त्यावरून कळतं, मध्ये खरंच तोच रेणू आहे. हे सगळं द्रव हेलियमच्या थंडीत, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर! उबेत पायरी पुसून जाते.

म्हणजे थरथर हा दोष नव्हे. तोच पुरावा! आणि मी त्यावर हशा पिकवला.

९ नोव्हेंबर
माफीचं पत्र. तीन खर्डे विनोदी झाले, फाडले. चौथ्यात एवढंच — ‘सदरातल्या लेखात न समजता तुझ्या कामावर हसले. चुकलं माझं.’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

१० नोव्हेंबर
निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
फोन आला! दोन मिनिटं.
“आई, माफी कसली? कुठला लेख?”
सांगितलं.
“अगं, मी तुझं सदर वाचतच नाही! कितीतरी वर्षं. बरं, ठेवते हं, हेलियम भरायचंय.”
रागावलेली नव्हतीच. रागावलेली परवडली असती.