चुनीलालभाईंच्या कुत्र्याच्या प्रकृतीविषयी

तळोदे, ता. १२ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप बन्सीलालमामांच्या पायांशी भटूचा साष्टांग नमस्कार. थंडीत मामींच्या गुडघ्यांना आराम असेल, तुमचा खोकला हटला असेल आणि पेन्शनीतले दिवस सुखाने जात असतील, असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. (सरला म्हणते, तसे लिहू नका. पण पत्राच्या आरंभी दुसरे काय लिहितात?)

मी देवीची लस टोचण्याच्या नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही मला एक मंत्र दिला होता: कुत्रा अंगावर आला तर पळू नये, खाली वाकून दगड उचलल्यासारखे करावे. त्या मंत्रावर मी आठ वर्षे सातपुड्याची गावे पालथी घातली. (मला पाहून माणसे रानात पळत, आणि मी वाकलो की कुत्री पळत.) गेल्या शुक्रवारी मात्र भर बाजारात मंत्र उलटला. केळ्यांच्या गाडीखालून एक पिवळा कुत्रा सुटला तो थेट माझ्यावर. मी रीतीप्रमाणे वाकलो. तो थांबला, माझ्याकडे नवलाने पाहू लागला आणि मग त्याने सावकाश माझी पोटरी धरली. मी छत्री चालवली. पाच तडाखे दिले. दोन कुत्र्याला लागले, एक तुळशीबाईच्या मडक्याला (तिने त्याबद्दल जे सुनावले ते मामींसमोर वाचण्याजोगे नाही) आणि उरलेले माझ्याच नडगीला.

कुत्रा निघाला चुनीलालभाई पाटलांचा, म्हणजे तुमच्याच प्रकाशा गावचा. मी तावातावाने जाब विचारायला गेलो, तर तेच मला म्हणाले, "मन्हा राजा कोनले चावस नही. तुम्ही वाकनात कसाले?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याकडची तापीकाठची काळी जमीन. तिथे दगड औषधालाही सापडत नाही. ज्या कुत्र्याला जन्मात कोणी दगड मारला नाही, तो वाकणाऱ्या माणसाला काय भिणार? मंत्र दिलात तेव्हा तुम्ही इथल्या शाळेत मास्तर होता आणि इथे पावलापावलाला धोंडे, म्हणून तुम्हाला दोष देत नाही.

पण रागाच्या भरात मी "पिसाळलंय, पिसाळलंय" असे बाजारभर ओरडून बसलो होतो. दहाबारा जण काठ्या घेऊन राजाच्या मागे लागले, आणि खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले. मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम साबणाने धुतली आणि सांगितले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. धडधाकट राहिला तर काही नको, मेला किंवा हरवला तर धुळ्याला जायचे आणि पोटात चौदा सुया. कंपाउंडर वाहरू हसत म्हणाला, "भटूअप्पा, तुम्ही ते लोकेसले रोज टोचतस!" मामा, टोचणे निराळे आणि टोचून घेणे निराळे. मी लंगडत पळतच बाजार गाठला आणि त्याच छत्रीने राजासाठी काठीवाल्यांशी भांडलो. एक काठी खांद्यावर बसली. राजा माझ्या धोतराआड उभा होता.

चुनीलालभाई नातवाच्या बारशासाठी इथेच तळोद्याला मुलीकडे थांबले, म्हणून निभावले. सहा दिवस राजाला आमच्याकडचे दूध आणि भाकरी, मला बिनदुधाचा चहा. आता तो मला पाहून शेपूट हलवतो. मी त्याच्या डोळ्यांत बघतो, लाळ बघतो, चाल बघतो. सरला म्हणते, लग्नात माझ्याकडेसुद्धा एवढे निरखून पाहिले नव्हते.

मामींना नमस्कार सांगावा. लोभ असू द्यावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
भटू

ता. क. पत्र लिहिण्याचे कारण राहूनच गेले. आज पहाटे चुनीलालभाई गाडी जुंपून प्रकाशाला निघाले, राजाही गेला. आज सातवा दिवस, अजून तीन उरले. पत्र एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडतो आहे. तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्यांच्या खळ्यावर जाऊन राजा पाणी पितो का, ते स्वतः बघा. चप्पल निसटली तरी वाकू नका.

आणखी ता. क. निघताना त्याने दुधाला तोंड लावले नाही. चुनीलालभाई म्हणतात, बारशाचे लाडू खाऊन पोट भरले असेल. असेलही. पण मामा, मला फार भीती वाटते.

शेवटचे. त्याचे काही बरेवाईट झालेच, तर तार करू नका; स्वतः या आणि माझा हात धरून मला धुळ्याच्या मोटारीत बसवा. नुसती तार आली, तर ती वाचून मी घरातून लगेच निघेन, पण धुळ्याला नाही, रानात.