कानबाईच्या चौरंगाचे तीन पाय

मी, चुनीलाल दगा पाटील, वय ६१, निवृत्त सुतारकाम शिक्षक, राहणार कोरीट, तालुका नंदुरबार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असे डॉक्टर म्हणतात. एका बाबतीत मला शंका आहे, ती पुढे येईल.

१. घर पत्नी सरलाबाई हिला. तिला कोणी हलवू नये.

२. रंधे, पटाश्या, करवती मुलगी पार्वती हिला. जावयाने हात लावू नये. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही.

३. हवा काढण्याचे यंत्र धाकटा भाऊ हिंमतराव यास. दुधाची पितळी बरणी, वर जाड काच, मध्ये सायकलच्या ट्यूबची चकती, बाजूला हवा परत आत सोडायचे बूच. पंपही सायकलचाच, आतला चामड्याचा वायसर मी उलटा बसवला आहे, म्हणून तो हवा भरत नाही, ओढतो. भुंग्याने पोखरलेले लाकूड राळ आणि जवसाच्या गरम तेलात बुडवून हवा ओढली की बुडबुडे निघतात. ते थांबले की बूच काढावे. मग राळ आत शिरते आणि लाकूड टणक होते. ओढताना लाकूड काहीच पीत नाही, सोडल्यावर पिते. हे असे का, ते मला अजून नीट उमगलेले नाही.

४. आईचा चौरंग, ज्यावर श्रावणात आमची कानबाई देवी बसते. १९५६ साली त्याच्या पायांना भुंगा लागला. तीन पाय मी बरणीत घालून वाचवले. चौथा घातला तेव्हा हिंमतराव आला. बुडबुडे पाहून म्हणाला, "भाऊ, मायनी कानबाईना जीव काढी ऱ्हायना तू." मी हसलो. हसायला नको होते. तो पाय उचलून घेऊन गेला, आणि सात श्रावण झाले, कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला आलेला नाही. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ गहू दळतात. त्याच्या नावाचे मी मोजतोच. तो रोट भाऊबंदांबाहेर देता येत नाही, म्हणून मीच खातो.

बुडबुड्यांत हवाच होती, हे मी मुलांना शिकवले आहे. तरी तेव्हापासून घर ओकेबोके वाटते. कानबाई खरेच गेली काय? कोणाला विचारावे कळत नाही. चौरंग कोणाला द्यावा, तेही नाही.

५. वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून कलम ३ रद्द. हिंमतरावला मी काहीही देत नाही, एक खिळासुद्धा नाही. साक्षीदार मात्र तोच हवा. साक्षीदाराला माझ्यासमोर सही करावी लागते, म्हणजे माझ्या घरी यावे लागते. मरण्याआधी तो एकदा माझ्या ओट्यावर बसलेला मला पाहायचा आहे. खरे तर हा कागद त्याचसाठी.

यंत्राचे काय करावे, ते सरलाबाईने ठरवावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघांच्या देखत सही केली.

चुनीलाल दगा पाटील
कोरीट, ता. २२ जुलै १९६३

साक्षीदार:

१. मोतीलाल रूपचंद, दुकानदार, कोरीट. सही पाहिली.

२. हिंमतराव दगा पाटील. सही पाही. मी कागद सगळा वाचा. कानबाई कोठेच गयी नही, भाऊ. मीच तुना घर उनू नही.