डायलिसिसच्या टाकीत ओतलेल्या तीर्थाबाबत

दि. १३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
निर्मळादेवी स्मृती सार्वजनिक रुग्णालय,
नाशिक रोड.

विषय : डायलिसिस कक्षाच्या शुद्ध पाण्याच्या टाकीत ओतलेले तीर्थ काढून टाकी व नळ्या निर्जंतुक करणेबाबत.
संदर्भ : आपल्या दालनात अर्जदारास मिळालेले हास्य. (लेखी उत्तर मागितले होते.)

महोदय,

१. अर्जदार ही रामकुंडावरील निवृत्त उपाध्याय श्री. बाळाजी गर्गे यांची कन्या आहे. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांचे रक्त आठवड्यातून तीनदा आपल्या कक्षात शुद्ध केले जाते. निदान तसा समज होता.

२. सोमवारी कक्षातील नव्या आरओ यंत्रणेचे उद्घाटन झाले. फीत व नारळ यांस अर्जदाराची हरकत नाही. नारळ बाहेर फुटला. परंतु त्यानंतर आपण शुद्ध पाण्याच्या टाकीचे झाकण काढवून गंगेवरून, म्हणजे आपल्या गोदावरीवरून, आणवलेला तांब्या स्वहस्ते आत रिता केला. नदीला सारे आठवत असते : धुणी, साबण, विझलेले दिवे, कोणाकोणाच्या अस्थी. ते पाण्याला विसरायला लावणे एवढेच त्या यंत्राचे काम. यंत्राने जे निमूटपणे गाळून काढले, ते आपण टाळ्यांच्या गजरात परत घातलेत.

३. पिण्याचे पाणी पोटात जाते आणि पोट पुष्कळ अपराध पचवते. डायलिसिसचे पाणी रक्ताला भिडते. मध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. त्यात जंतू अडले तरी त्यांचे विष अडेलच असे नाही. हे आपल्याला, पदवी भिंतीवर टांगलेल्या गृहस्थांना, एका मराठीच्या पदवीधराने सांगावे लागते, याची लाज कोणी बाळगावी हे अर्जदार आपल्यावर सोडते.

४. त्याच दुपारी डायलिसिसच्या यंत्रावर असलेल्या कुसाबाई या दुसऱ्या रुग्णाला हुडहुडी भरली. “गंगा अंगात आली गं बाई माझ्या, दात बघ कसे वाजत्यात,” असे त्या हसत म्हणाल्या आणि मग त्यांना हसता येईना. शेजारच्या खाटेवर वडीलही तापाने थरथरू लागले. परिचारिका म्हणाल्या, “थंडीचे दिवस आहेत हो, होतं असं.” दोघांना ब्लँकेटे मिळाली. पाणी तेच राहिले.

५. मंगळवारी अर्जदार आपणास भेटली. आपण हसून म्हणालात, “अहो मॅडम, गंगेनं कधी कोणाचं वाईट केलंय का? घरात उपाध्येपण, आणि तुम्हीच असं बोलता?” हे अर्जदाराने घरी सांगितले. उभी हयात यात्रेकरूंच्या हातावर तीर्थ घालणारे वडील म्हणाले, “तीर्थ हातावर घ्यायचं असतं. रक्तात सोडायला ते काय सलाईन आहे? अडाणी आहे तुझा साहेब.” श्रद्धेच्या बाबतीत आपण यापुढे कोणाचा हवाला देणार, हे कळावे.

६. तरीही आपली श्रद्धा अढळ असल्यास त्याच टाकीतील एक बाटली आपण आपल्या शिरेतून घ्यावी. संकल्प वडील सांगतील, दक्षिणा नको.

७. तापाच्या भीतीने वडील बुधवारी यंत्रावर गेले नाहीत. आता पाय सुजले आहेत, आडवे झाले की श्वास अडतो. ते उशीला टेकून, खिडकीकडे तोंड करून बसून असतात. “तिथं गेलो तर मरण तुझ्या साहेबाच्या पाण्यानं, नाही गेलो तर अंगातल्या पाण्यानं. निवड तूच कर,” असे ते आज म्हणाले. चेष्टेच्या सुरात म्हणाले, म्हणून ते अधिक ऐकवेना. अन्य केंद्रांनी जागा नसल्याचे कळवले आहे.

८. सबब विनंती की, आज रात्रीपूर्वी टाकी रिकामी करून टाकी व नळ्या निर्जंतुक कराव्यात, पाण्याचे नमुने तपासणीस पाठवावेत, आणि झाले की नाही हे अर्जदारास एका ओळीत कळवावे. उत्तर आले अथवा न आले, शुक्रवारी सकाळी अर्जदार वडिलांना रिक्षात बसवून आपल्याच दाराशी आणणार आहे, कारण दुसरे दार नाही. त्यांचा हात सुईसाठी ती स्वतः धरून ठेवील. आपला मनापासून तिरस्कार करण्याची चैन तिला परवडत नाही. म्हणून हा अर्ज इतका नम्र आहे.

नाइलाजाने आपली नम्र,
(सही)
स्वानंदी बाळाजी गर्गे