नैवेद्याआधीचे पाच मोदक

आई, तुला जाऊन सात वर्षं झाली, तरी टिटवाळ्याचं नाव निघालं की मला आधी तुझा ओटाच आठवतो. गणेश चतुर्थीची दुपार आहे, मोदकपात्रातून वाफ येतेय आणि मी चपला न काढता दारातच उभी आहे. बाप्तिस्मा घेऊन मला जेमतेम वर्ष झालेलं. मूर्तीला दाखवलेलं मी खाणार नाही, असं फोनवरच बजावून मी भांडायच्या तयारीने आले होते. तू भांडलीच नाहीस. फळीवरचा स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिलास. "पाच आहेत. नैवेद्याच्या आधी काढून ठेवलेत. आता तुझ्या देवाची हरकत नाही ना?" लहानपणी मी सारणात बोट घातलं, तर तू ते सगळं बाजूला ठेवून पुन्हा नारळ खवायला बसली होतीस. नैवेद्याआधी आमटीतलं मीठसुद्धा कुणी चाखायचं नाही, अशा घरात तू हे केलंस. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, असं म्हणणं सोपं आहे. कळला होता. मला फक्त मी जिंकले असं वाटलं.

आणि तेच मोदक खाता खाता मी तुला सांगितलं की ख्रिस्ताला स्वीकारल्याशिवाय तारण नाही. तू पात्र घासत होतीस.

"म्हणजे मी नरकात?"

"मी नाही म्हणत, आई. शास्त्रात आहे."

"बरं. आणि तू वर?"

"हो."

तू नळ बंद केलास. "अगं, मग तिथे एकटी काय करशील तू? ओळखीचं कोण असणार तुझ्या?"

टोमणा असता तर मी उलट बोलले असते. पण लग्न होऊन मी वर्तकनगरला निघाले, तेव्हा तुझा चेहरा असाच झाला होता. आज वर्तकनगरच्या त्याच घरात मी एकटी असते. माझा विश्वास ढळलेला नाही, मी ख्रिस्तीच मरेन. पण जिथे तू नाहीस तो स्वर्ग काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही, आणि त्याची मला भीती वाटते. पाळकांना एकदा विचारलं, गेलेल्यांसाठी प्रार्थना करता येते का. भला माणूस आहे. म्हणाले, "ताई, आपण जिवंतांसाठी करतो. गेलेल्यांचं देवाच्या हाती."

आमच्या चर्चमध्ये उपासनेआधी पेटीत चिठ्ठ्या टाकतात, आजारी माणूस कोण आणि दुखणं काय. तू गेल्यावर मी या मंडळीत आले, इथे तुला कोणी ओळखत नाही. पहिल्याच रविवारी मी लिहिलं, 'माझी आई, टिटवाळा, गुडघेदुखी.' तेव्हापासून दर रविवारी लिहिते. सगळी मंडळी डोळे मिटून तुझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करते. गेल्या रविवारी उपासनेत शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात धरला. "आईचे गुडघे कसे आहेत गं? चालतात ना?"

"चालतात," मी म्हणाले.

"मग घेऊन ये की एकदा."

घरी येऊन खूप रडले.

हे पत्र कुठे पाठवायचं ते माहीत असतं, तर लिहायची वेळच आली नसती. उद्या रविवार आहे. खोटं बोलणं पाप आहे, आई, मला माहीत आहे. चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली आहे.