बिननंबराचे कंदील

सर,

यंदाच्या कंदिलांच्या बैठकीत तिनं हात वर केला आणि म्हणाली, "यंदापासून नंबर काढूच नका की." तिथंच माझं सगळं बिघडलं. तुम्ही गेल्यावरही तुमची आकाशकंदिलांची स्पर्धा आम्ही तुमच्याच चित्रकलेच्या वर्गात चालू ठेवली होती. पहिला नंबर कधी माझा, कधी तिचा, तिसरं कुणी मध्ये आलंच नाही. आणि तीच म्हणते नंबर नकोत. सगळ्यांनी एकत्र बसून कंदील करायचे, कुणी अडलं तर शेजाऱ्यानं हात द्यायचा आणि झालेला कंदील आपल्या दारात न लावता दुसऱ्याच्या घरी द्यायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून म्हणालो, "मग स्पर्धा कशाला म्हणता? हळदीकुंकू म्हणा." ती आवाज न चढवता म्हणाली, "तुला नंबर लागतोय, कारण कॉलेजात मिळाला नाही." सेकंड इयरला कॉलेज सोडून मी चिंचोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलोय, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणीतरी हसलंच.

तुमचं स्वयंपाकघर आठवतंय. तुम्ही स्टोव्हवर कागद चिकटवायची खळ शिजवताय, मी आणि ती खाली उकिडवे बसून कामट्या तासतोय. माझी कामटी मोडते. तुम्ही वर न बघताच म्हणता, "हाताला लई घाई हाय तुझ्या. डोक्यालाबी हाय." मग स्वतःचा छोटा चाकू माझ्या हातात देता आणि परत मागत नाही. ती बघत असते. निकालाच्या दिवशी तुम्ही बल्ब लावू द्यायचा नाहीत. "दिवा लागल्यावर काय बी चांगलं दिसतंय. आदी असंच बघू." एकेक कंदील फिरवून, सांध्यापासून झिरमिळ्यांपर्यंत, चूक दाखवायचात. सगळे गेल्यावर ती माझ्या कंदिलाखाली मान वाकडी करून उभी राहायची. "हा कोपरा कसा वळवलास? सांग की." मी सांगायचो नाही. पुढच्या वर्षी ती तसाच कोपरा करून आणायची, माझ्यापेक्षा बरा. वर्षभरात आमचं बोलणं तेवढंच. मला ते पुरत होतं.

आता त्या वर्गात सगळे सगळ्यांना छान म्हणतात. कामटी वाकडी, तरी छान. खळ ओघळतीय, तरी छान. बघत कुणीच नाही, सर, नुसतं छान. किळस येते ऐकून. त्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या काकू आठवतात? तुम्ही त्यांना विचारलं होतं, "काकू, ह्यो कंदील हाय का खुराडं?" त्यानंतर त्या कधी फिरकल्या नाहीत. आता रोज येतात. काल हसत मला म्हणाल्या, "तुझे सर असते तर मी काय आले नसते बघ." तुम्ही काय म्हणाला असतात, सर?

तरी मी रोज जातो, ती असते म्हणून. आज माझा कंदील तिच्यासमोर ठेवला. कोपरा या वेळी साफ वेगळा वळवलाय, तुम्हीसुद्धा थांबून बघितला असता. ती स्वतःच्या कंदिलाला कागद चिकटवत होती. एक नजर टाकून म्हणाली, "छान झालाय."

"नीट बघ की."

"नंबर नाही आता," ती म्हणाली. "तुझी चूक शोधून मला काय करायचंय? त्यापेक्षा काकूंना शिकव तो कोपरा, त्यांना जमेना."

म्हणजे इतकी वर्षं ती चूक शोधत होती. आणि मी दर दिवाळीला काय समजून बसलो होतो.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ताच उरला नाही, म्हणून एवढं तरी खरं लिहितो. मी तुमचा चाकू खिशात घातला, कंदील तिथंच सोडला आणि उठलो. दार असं आपटायचं की वर्ग हादरला पाहिजे, असं ठरवूनच निघालो. पण बाहेर वारं सुटलं होतं आणि तिच्या कंदिलाचा कागद अजून ओला होता. मी बाहेर पडलो आणि दार हळूच ओढून घेतलं.