उंबराखालची सात घरं

माय, तुझं बन गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण वाईट बातमी लांबवून देणाऱ्या माणसांचा तुला फार राग यायचा. मामा गेल्याचं सांगायला आलेला माणूस आधी चहा प्यायला, पिकापाण्याचं बोलला आणि मग एकदम रडायला लागला, तेव्हा तू रडायच्या आधी त्याच्यावरच चिडली होतीस. तर बन गेलं. नाल्याकाठचा उंबर गेला, आणि त्याच्याभोवती तुम्ही बायांनी उन्हाळ्यात डोक्यावर पाण्याचे गुंड वाहून जगवलेले कडुनिंब, जांभळी, मोह सगळे गेले. तिथे आता मुरूम पसरला आहे आणि त्यावरून दिवसभर रोलर फिरतो. महामार्गाकडून गावात येणारा रस्ता रुंद होणार आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुला काही वाचताही येत नव्हतं, मावशीची पत्रं मीच तुला त्या उंबराखाली बसून वाचून दाखवायची. तरी लिहायला बसले आहे. ज्यांना वाचता येतं त्यांना लिहून काय झालं, तेही पाहून झालंय.

दिवाळीनंतर एका सकाळी झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाने आकडे टाकलेले दिसले. उंबरावरही होता, तू दोरा बांधायचीस त्याच उंचीवर. मोहल्ल्यातल्या आम्ही काही जणींनी अर्ज लिहून दिले, त्याचं काही झालं नाही, मग वर्ध्याला वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान जमीन आहे, हक्क सांगता येणार नाही, पण कापणी थांबवायचा प्रयत्न करता येईल, खर्च मात्र येईल. मग वर्गणी. वर्गणीचं तुला काय सांगायचं, गणपतीला देणारे हात झाडाचं नाव काढलं की खिशात जाऊन तिथेच अडकतात. तेव्हा तुझ्या नातीने पुण्याहून फोनवर एक कल्पना काढली. तिकडे परदेशात म्हणे लोक आपलं छोटंसं जंगल राखायला अशीच मदत गोळा करतात, परीची घरं बनवून. हाताएवढं घर, दोन बोटांचं दार, इवलीशी खिडकी. विकत घ्यायचं आणि बागेत झाडाखाली ठेवायचं. मी म्हटलं, इथे कोण घेणार. ती म्हणाली, तू आधी कर तर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी 'कर' म्हटलं नव्हतं, म्हणून असेल, मी बसले करायला.

सामान आपलंच होतं. कपाशी निघून गेली होती, शेताच्या धुऱ्यावर वाळल्या पऱ्हाटीचे ढीग पडले होते, तिच्या काड्या भिंतींना. छपराला पळसाची पानं, दाराला आंब्याची कोय मधून चिरून, पायरीला सीताफळाच्या बिया, चिकटवायला बाभळीचा डिंक. कापायला तुझा टोक मोडलेला विळा, जो तू माझ्या लग्नात ताट-वाट्यांच्या खाली लपवून दिला होतास आणि सासरी त्यावरून माझी वर्षभर थट्टा झाली. जवारीचे वाळलेले लांब धांडे हवे होते, ते काही मिळाले नाहीत. आता जवारी कोणी पेरत नाही, पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत. धांडे शोधताना मला सारखी ती कोजागिरी आठवत होती. तू चुलीपाशी दूध आटवते आहेस, मी उंबऱ्यात बसून भुलाबाईसाठी पाच धांड्यांची खोपडी, इवलंसं खोपटं, बांधते आहे. आतला दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून मी ती चहूबाजूंनी नीट लिंपून घेतली आहे आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटतो आहे. तू पळी हातात घेऊन येतेस, खोपडीभोवती एक चक्कर मारतेस आणि म्हणतेस, "दारच नाई ठेवलं? मंग भुलाबाई काय छपराच्या कवेलूतून येईन?" सगळी सोडून पुन्हा बांधायला लावलीस. दूध आटेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. यावेळी मात्र प्रत्येक घराला उघडणारं दार केलं, सुताचा पीळ डिंकात बुडवून त्याची बिजागरी केली. बोटाने ढकललं की आत जातं. तू पाहिलं असतंस तर काहीतरी खोट काढलीच असतीस, पण दाराची नाही.

शेजारची काकू, तुझी जोडीदारीण, अजून आहे. कंबर वाकली, जीभ वाकली नाही. रोज ओसरीवर येऊन बसायची आणि माझे हात पाहायची. एके दिवशी तिने विचारलं, परी म्हणजे कोण. आता परी सांगायची कशी? मी म्हटलं, झाडात, पाण्याजवळ राहणाऱ्या बाया असतात, दिसत नाहीत, सुंदर असतात, खूश असल्या तर चांगलं करतात, रागावल्या तर त्रास देतात. काकूने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग आसराच म्हन ना सरळ. परी कायले म्हनतं?" मी हसले. पण माय, खरंच, मी दुसरं काय सांगितलं होतं? पाण्याकाठच्या त्या सात जणी, ज्यांना तू दरवर्षी दहीभात आणि हिरव्या बांगड्या न्यायचीस. उंबराखालचे त्यांचे सात दगड तुझ्यामागे एका पुरात वाहून गेले. काकूने तेव्हा मला नवे दगड मांडायला सांगितलं होतं. मी विज्ञान शिकवणारी बाई, मी म्हटलं, नाल्यात दगडांना काय तोटा आहे, आणि मांडले नाहीत.

मग जे झालं ते निव्वळ योगायोगाने झालं. घरांना वार्निश लावलं की घरभर वास सुटायचा, म्हणून मी ती बनात नेऊन वाळत ठेवायची. पहिल्या खेपेला उंबराखाली ओळीने सात घरं ठेवली. सातच का, तर पाटीत तेवढीच मावली. संध्याकाळी आणायला गेले तर प्रत्येक दारापुढे हळदीकुंकवाचं बोट आणि एक एक हिरवी बांगडी. काकू तिथेच बसली होती. "आल्या पहाय वापस," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला ती घरं उचलवली नाहीत. विकायला दुसरी केली.

ती विकली गेली नाहीत. कारंज्याच्या बाजारात टेबल मांडलं, त्यावर तुझी निळी चादर अंथरली. बाया यायच्या, वाकून पाहायच्या, दार ढकलून बघायच्या आणि हात मागे घ्यायच्या. आसरा परत आल्याची बातमी आमच्या आधी बाजारात पोहोचली होती. एका तरुण पोरीला घर खूप आवडलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती म्हणाली, "बाई, आसरा कोनी घरी नेते काय? माह्या घरी लहान लेकरू हाये." मी तिला पंधरा मिनिटं समजावलं की ही आसरांची नाहीत, परीची आहेत. ती मान हलवत राहिली आणि जाताना टेबलाला नमस्कार करून गेली. महामार्गावरच्या धाब्यापुढे बसलो, तिथे नागपूरकडच्या गाड्या थांबतात. त्या लोकांना आसरा माहीत नव्हत्या. त्यांनी घरांबरोबर फोटो काढले, मुलांना दारं उघडून दाखवली, असंच ऑनलाइन स्वस्तात मिळतं असं एकमेकांना सांगितलं आणि मिसळ खायला गेले. ज्यांना भीती होती त्यांनी घेतलं नाही, ज्यांना नव्हती त्यांना गरज नव्हती. वकिलाने फोन उचलणं हळूहळू बंद केलं.

पळस फुलला तेव्हा यंत्रं येणार अशी खबर आली. आणि मग मी ते केलं. दुपारी बनात कोणी नसताना गेले. सोबत शेंदूर, लिंबं, लाल कापड. सातही घरांना शेंदूर लावला, उंबराच्या बुंध्याला लावला, नेमका त्या आकड्यावर जाड थर दिला, कापड गुंडाळलं, लिंबं टांगली, एकेक लिंबू प्रत्येक दारापुढे ठेवलं. आयुष्यभर मुलांना सांगितलं की शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग आहे, हात धुवा. तुझ्याशी यावरून किती भांडले. तू म्हणायचीस, तुले समजन तवा समजन. मला समजलं वगैरे काही नाही, माय. मी फक्त हिशेब केला, की कायद्याने झाड वाचत नसेल तर भीतीने वाचेल. झाड तोडणारी माणसं काही शहरातून येणार नव्हती, आपल्याच मुलखातली असणार, आसरांना भिणार. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी नीट झोपले.

माणसं आली, ती आपल्याच मुलखातली होती, आणि भ्यालीही. तिथवर माझा हिशेब अगदी बरोबर होता. मुकादमाने लांबूनच लाल कापड पाहिलं, हात वर करून यंत्र थांबवलं आणि चपला काढल्या. मी आणि काकू उंबराखाली उभ्या होतो. खरं सांगते, मला आनंद झाला होता. तो घरांपुढे वाकला, नमस्कार केला आणि मला म्हणाला, "घाबरू नका बाई. देवाले आमी धक्का नाई लावत. पह्यले देव हलवतो, मंगच झाड पाडतो." त्याने माणूस पाठवून नारळ मागवला. मी विचारलं, आसरांना हेच झाड पाहिजे असेल तर? तो थट्टा करत नव्हता, त्याने खरोखर विचार केला. "त्यायले पानी पाह्यजे, बाई. नाला तं तिथंच हाये."

हे देव नाहीत म्हटलं असतं, तर घरं पायाने बाजूला सारली असती आणि झाड पाडलं असतं. देव आहेत म्हटलं, तर घरं हाताने उचलली आणि झाड पाडलं. त्यांनी नारळ फोडला. एकेक घर दोन्ही हातांवर घेऊन, बांगडीसकट, लिंबासकट, रस्त्यापलीकडे नेलं आणि नाल्याजवळच्या सिमेंटच्या पाइपावर त्याच क्रमाने मांडलं. एकाचं दार निखळलं तर त्या माणसाने ते खिशातल्या तंबाखूच्या पुडीचा दोरा काढून पुन्हा बांधलं. इतकं जपून त्यांनी ते केलं की मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. मग उंबर पाडला. तो पडायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, लागेल.

काकू आता पाइपापाशी जाते. आसरांना ती जागा पटली का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, त्यांना कोणी विचारलं होतं? छपरांची पानं शेळ्यांनी खाल्ली. ट्रक गेला की वाऱ्याने सातही दारं उघडतात आणि पुन्हा मिटतात. न विकलेली घरं माझ्या माळ्यावर आहेत. तुझी नात म्हणते, पावसाळ्यात दुसरीकडे रोपं लावू. मी हो म्हणते. त्यांना सावली येईल तेव्हा मी नसेन आणि तिथूनही कुठला तरी रस्ता जाईल, हे तिला सांगत नाही.

हा कागद घेऊन कुठे जायचं, ते मला कळत नाही. वाचून दाखवायचा तर त्या उंबराखालीच बसून दाखवला असता. डब्यात घालून ठेवते, विळ्यापाशी. एक राहिलं, तेवढं सांगते आणि थांबते. त्या दिवशी नारळ फोडल्यावर मुकादमाने सगळ्यांना प्रसाद वाटला, मलाही दिला. मागे यंत्र सुरू झालं होतं. माय, मी तो घेतला आणि खाल्ला. खोबरं गोड होतं.