खाडीकाठची हाक

१२ जानेवारी १९५१, शुक्रवार. कल्याण
आज सव्वापाचला सगळं बदललं. चर्चमधली गायनाची पुस्तकं कपाटात लावता लावता प्रमोदिनी म्हणाली, "दौलत, मी नैरोबीला जातेय. मिशनतर्फे."
"किती दिवस?"
"पाच वर्षं."
पाच वर्षं! तिथल्या रेल्वेत आपली माणसं खूप, बाप ड्यूटीवर, चौदा-पंधराची पोरंपोरी शहरभर मोकाट. त्यांच्यासाठी वर्ग चालवायचे. मुलींसाठी ती. मुलांसाठी कमिटी अजून कुणी शोधतेय. पुढचं मी ऐकलंच नाही.

१५ जानेवारी
ठाण्याला जाऊन मिशनच्या कमिटीपुढे नाव देऊन आलो. आई म्हणते, "बी. ए. अर्धी टाकलीस, आता आफ्रिका अर्धी टाकून ये!" ताट सरकवून उठलो. मग भूक लागली. रोजचंच. भांडूनही थकलोय आता.
आणि पोरं तर मला आवडतसुद्धा नाहीत! नाताळाआधी चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत एकाने प्रमोदिनीच्या चालण्याची नक्कल केली, तर मी त्याच्या कानाखाली वाजवलेली. म्हणे मुलांची सेवा!

१८ जानेवारी
रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे साक्ष द्यायची. देवाने आपल्याला कसं पाचारण केलं ते उभं राहून सांगायचं. मला कुणी पाचारण केलेलं नाही. प्रमोदिनीनेही नाही.

२१ जानेवारी, रविवार
दिली साक्ष. कॉलेज सुटलेलं, ठाकुर्लीच्या बाजूला खाडीकाठी बसलेलो, जीव नकोसा झालेला— तेवढ्यात माझं नाव घेऊन हाक आली, "दौलत, ती पोरं वाट बघतायत."
खाडीकाठी बसलेलो, एवढं खरं. बाकी बनवलेलं. पण बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं! पुढच्या बाकावरच्या रंगूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चर्चचे पाळक त्र्यंबकराव, प्रमोदिनीचे वडील, आजवर मला दारात बघून कपाळाला आठ्या घालणारे, मला जवळ घेऊन म्हणाले, "बेटा, तुझ्याबद्दल मी चुकलो."
माझ्यानंतर प्रमोदिनीची साक्ष. दोन वाक्यं बोलली आणि बसली.

२३ जानेवारी
प्रमोदिनीच्या घरी गेलो. "तिचं डोकं दुखतंय," तिची आई म्हणाली. कालही दुखत होतं.

२५ जानेवारी, गुरुवार
भाजीबाजारात तिला गाठलं.
"झालंय काय तुला?"
"मी नाव मागे घेतेय."
"का गं?"
पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी. "तुला नावाने हाक आली रे. मला कधी काही ऐकूच आलं नाही. मला नुसतं वाटतं, जावं, त्या मुलींजवळ बसावं. असं वाटणं म्हणजे काय पाचारण?"
"अगं, तसं काही नसतं—"
"तू नको सांगूस. तुला मिळालंय."
वर्षभर तिथल्या स्वाहिली भाषेचे शब्द पाठ करतेय ती. स्वतः शिवलेल्या वहीत. जायचं तिलाच होतं. मला फक्त ती असेल तिथे असायचं होतं!
नाव मागे घेण्याचं तिचं पत्र लिहून झालंय. शनिवारी संध्याकाळी त्र्यंबकराव स्वतः ते ठाण्याला कमिटीला देणार.

२६ जानेवारी
सगळीकडे झेंडे. पडून राहिलो.
गप्प बसलो तर मी नैरोबीला, ती इथे. पण काहीतरी कारण सांगून मीही नाव मागे घेतलं तर? दोघंही कल्याणात. रोज दिसेल!
हा विचार दिवसात तीनदा आला. तिन्ही वेळा गोड लागला.

२७ जानेवारी, शनिवार
सांगितलं. त्यांच्या घरात, तिघांसमोर. "हाक वगैरे काही आली नव्हती. खोटं बोललो. हिच्यामागून यायचं होतं." त्र्यंबकराव पत्र हातात धरून तसेच उभे. 
प्रमोदिनीने एवढंच विचारलं, "काहीच ऐकलं नव्हतंस?"
"काहीच नाही."
तिचा चेहरा असा उजळला! माझ्याकडे बघून तो कधी उजळला नव्हता. वडिलांच्या हातातलं पत्र तिने काढून घेतलं.
मी बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.